रिकाम्या पोटाची प्रार्थना

परळीच्या वैजनाथा, गोळी घेतली आहे. चहाला अजून अर्धा तास आहे. हा अर्धा तास तुझा.

बोटं आखडली आहेत, नमस्काराला तळहात पुरते जुळत नाहीत. जुळतात तेवढे गोड मानून घे.

ऐक देवा. गळ्यातली एवढीशी थायरॉईड ग्रंथी मंदावली आणि सगळा देहच मंदावला. अख्खी परळी उन्हानं तापलेली असताना मी शाल पांघरून बसू लागले. कंगव्यात केस येत राहिले, सकाळी चेहरा सुजलेला दिसू लागला, जेवण तेवढंच आणि वजन वाढतच गेलं. गुडघे ठणकायचे, मनगटं ठणकायची. परात पुढे ओढायची आणि भाकरी थापायचा धीर व्हायचा नाही. एवढं काय काम केलंस म्हणून दमलीस, असं कुणी विचारलं तर सांगायला काही नसायचं. रक्त तपासलं, टीएसएच वाढलेलं निघालं, आणि मी मोकळी होऊन रडले. दुखण्याला नाव मिळालं होतं.

किती लहान केलंस रे मला! मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, म्हणजे एका ग्रॅमच्या साडेसहा हजाराव्या भागाहूनही थोडं कमी. एवढ्याशा कणाच्या आधारानं ती ग्रंथी अंगाची ऊब राखते, चाल राखते, पोट आणि झोप राखते. मी राखते असं काहीच नाही. तूच राखतोस.

उपकार तुझे. मिठाचेही उपकार. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सोबती वर्षानुवर्षं खपले आणि मिठात आयोडीन घातलं की गलगंड ओसरतो, हे त्यांनी दाखवून दिलं. १९६२ मध्ये देशानं गलगंडाविरुद्धचा कार्यक्रम हाती घेतला. माझ्या फळीवरच्या मिठाच्या डब्यात त्यांचे कष्ट आहेत. त्यांना बुद्धी तू दिलीस. त्यांचं भलं कर.

माझ्या घासाला शहाणपण दे.

बाजरी मात्र माझ्यापासून तोडू नकोस. तिच्यातली काही द्रव्यं या ग्रंथीच्या कामात आडवी येतात, अंगात आयोडीन कमी असलं तर जास्तच, हे मला समजलं आहे. म्हणून रोजची भाकरी ज्वारीची केली. पण भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी लोण्याबरोबर खाऊ दे. आमच्या या कोरड्या रानानं तीच तर पिकवली, तिच्यावरच आम्ही वाढलो. कोबी शिजवून खाईन. जवसाची चटणी, हुलग्याचं माडगं, शेवग्याचा पाला आनंदानं खाईन. दूध आणि तिळाचे लाडू संध्याकाळी, कारण त्यांतलं कॅल्शियम सकाळच्या गोळीला अंगी लागू देत नाही. साखर सुटत नाही, देवा. ती सोडायला तू हात धर.

आणि उपवास. इथं मला तुझीच परवानगी हवी आहे. श्रावणी सोमवार आईनं धरले, सासूबाईंनी धरले, मीही धरले. दिवसभर साबुदाणा, बटाटा आणि सैंधव. त्या सैंधवात आयोडीन नावालाच. दुसऱ्या दिवशी अंग जड, पोट घट्ट, सांधे अधिकच दुखरे. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, देव काय तुझं पोट मोजत बसलाय?" यंदा दुपारी भगर आणि ताक घेईन, रात्री घरच्या मिठाचं वरण-भात खाऊन उपवास सोडीन. पहाटेची गोळी पाण्याबरोबर घेईनच. चालेल ना तुला? चालवून घे.

चालवून घे, कारण मला तुझ्याकडे यायचं आहे. तुझ्या देवळाच्या पायऱ्या पाहिल्या की छातीत धस्स होतं. एक किलो वजन उतरलं तर पावलागणिक गुडघ्यावरचा चारेक किलो भार उतरतो म्हणतात. म्हणून ताटातला भात कमी केला. मला बाकी काही नको, देवा. पायरी पायरी चढून वर यावं, तुझ्या पिंडीला हात लावावा, एवढंच.

माझा विश्वास डळमळू देऊ नकोस. मायेची माणसं सांगतात, गोळी सोड, धण्याचं पाणी पी, पथ्यानं सगळं जाईल. त्यांची माया मी कपाळाला लावते, पण गोळी सोडत नाही. पथ्यानं गुडघे हलके होतात, पोट चालतं, मन ताळ्यावर राहतं. थकलेल्या ग्रंथीचं काम मात्र भाकरी करत नाही. धन्वंतरी आणि अमृत तुझ्या लिंगात लपले, असं आजी सांगायची. माझ्या वाट्याचं अमृत तू या बारीक गोळीतून पाठवतोस. मी ते ओळखलं आहे.

माझ्यासाठी मागून झालं. आता त्या बायांसाठी मागते.

दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. अंधार असतानाच ती बाई फडात उतरते, वाकून ऊस तोडते, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरते. तिचेही सांधे दुखतात. तीही थकते. कामाचं अंग आहे, दुखणारच, म्हणून तिचं रक्त कुणी तपासत नाही. कुणाला गोळी चालू असली तरी गाव सुटतं तशी ती गोळीही सुटते. माझ्यापाशी फळी आहे, डबा आहे, वेळ पाहून घोट घ्यायला सवड आहे. तिच्यापाशी यातलं काही नाही.

वैजनाथा, ज्यांच्या हातात दवाखाने आणि कारखाने आहेत त्यांच्या मनात उतर. या बाया गाव सोडण्याआधी त्यांची तपासणी होऊ दे. ज्यांना लागतील त्यांच्या गाठोड्यात हंगाम संपेपर्यंतच्या गोळ्या असू देत.