शिवी आणि चारचौघे

‘शिव्याशाप’ हा जोडशब्द मराठीत इतका रुळला आहे की त्यातल्या दोन गोष्टी मुळात वेगळ्या आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. शाप खरा व्हायला तपाचे किंवा देवाचे बळ पाठीशी लागते. ज्याला दिला त्याने तो ऐकलाच पाहिजे असे नाही. कालिदासाच्या नाटकात दुर्वासाचा शाप शकुंतलेच्या कानावरही पडत नाही, तरी तो लागतो. शिवी अशी लागत नाही. ती ऐकावी लागते, आणि तिचा घाव खोल जातो तो बहुधा ऐकायला आणखी कुणी असले की. ‘चारचौघांत बोलला’ ही तक्रार ‘वाईट बोलला’ या तक्रारीपेक्षा नेहमीच मोठी असते. शिवीची ताकद मग नेमकी कुठे असते? बोलणाऱ्याच्या जिभेत, शब्दात, ऐकणाऱ्याच्या मनात, की भोवती उभ्या असलेल्या माणसांत? या प्रश्नाला धर्मग्रंथांनी, शास्त्रकारांनी आणि अलीकडे न्यायालयांनीही उत्तरे दिली आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

सर्वांत प्रसिद्ध उत्तर बुद्धाचे आहे. संयुत्तनिकायातल्या अक्कोससुत्तात राजगृहाच्या वेळुवनातला प्रसंग येतो. भारद्वाज गोत्रातला एक ब्राह्मण, आपल्याच गोत्रातला माणूस भिक्षू झाला म्हणून संतापलेला, बुद्धाकडे येतो आणि तोंडाला येईल ते बोलतो. त्याचे बोलून झाल्यावर बुद्ध त्याला विचारतो की तुझ्या घरी पाहुणे, सोयरे येतात का? येतात. त्यांच्यापुढे जेवण मांडतोस का? मांडतो. त्यांनी ते घेतले नाही तर ते कुणाचे? आमचेच, दुसऱ्या कुणाचे? तसेच या शिव्यांचे, असे बुद्ध सांगतो. त्या मी घेतल्या नाहीत, त्या तुझ्याच राहिल्या. दृष्टान्त घरगुती आहे आणि म्हणूनच तो इतकी शतके टिकला. वाढलेले ताट पाहुण्याने नाकारले तर यजमानाच्याच घरात राहते. शिवीही पदरात घेतली तरच आपली होते.

मात्र याच परंपरेत दुसरीही बाजू आहे, आणि अक्कोससुत्ताचा दाखला देणारे ती बहुधा विसरतात. विनयपिटकात भिक्षूने दुसऱ्या भिक्षूला अपमानकारक बोलणे हा दोष मानला आहे आणि अपमानाचे दहा आधार मोजून दिले आहेत: जात, नाव, गोत्र, काम, कसब, आजार, शरीराची ठेवण, मनाचे विकार, पूर्वी हातून घडलेला अपराध आणि उघड शिवीगाळ. जगातल्या बहुतेक शिव्या आजही या दहांपैकी एखाद्या कप्प्यात बसतात. याच नियमाबरोबर नंदिविशाल बैलाची कथा सांगितली जाते, ती जातकातही आहे. तक्षशिलेच्या ब्राह्मणाने एका श्रेष्ठीशी हजाराची पैज लावली की आपला बैल शंभर भरलेल्या गाड्या ओढील. गाड्या एकामागे एक बांधल्या, ब्राह्मण जुवाजवळ बसला आणि ओरडला, ‘ओढ, लबाडा!’ बैल चारही पाय रोवून खांबासारखा उभा राहिला. पैज गेली. घरी आल्यावर बैलाने धन्याला विचारले की इतक्या वर्षांत मी कधी एखादे मडके तरी फोडले, कुणाला धक्का दिला, नको तिथे घाण केली? मग लबाड का म्हणालास? दुसऱ्या वेळी दोन हजारांची पैज लागली, ब्राह्मणाने त्याला ‘भद्रा’ म्हणून हाक मारली आणि शंभर गाड्या हलल्या.

म्हणजे ज्या धर्माने ऐकणाऱ्याला शिवी नाकारायला शिकवले, त्यानेच बोलणाऱ्याला सांगितले की शब्द बैलालाही लागतो. दोन्ही एकाच वेळी खरे आहे. ‘घेऊ नकोस’ हा उपदेश ज्याला शिवी बसली त्याच्यासाठी आहे. ज्याने ती दिली त्याला तो सुटकेची वाट म्हणून वापरता येत नाही. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ असे शिवी देणाराच सांगू लागतो तेव्हा बुद्धाचे वाक्य चुकीच्या तोंडात गेलेले असते.

महाभारताचे उत्तर याच्या उलट टोकाला आहे. कर्णपर्वात कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर छावणीत पडला आहे. अर्जुन भेटायला येतो, तेव्हा कर्ण मेला असेल असे युधिष्ठिराला वाटते. मेला नाही हे कळताच तो अर्जुनाला नको नको ते बोलतो आणि शेवटी, गांडीव दुसऱ्याला दे, असे म्हणतो. असे म्हणणाऱ्याचा वध करण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा असते. तो तलवार उपसतो. कृष्णाची तोड अशी की वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हण. थोराला एकेरी संबोधले की तो जिवंतपणीच मेला. अर्जुन थोरल्या भावाला अरे-तुरे करतो, त्याची निंदा करतो, आणि मग पश्चात्तापाने स्वतःचाच जीव घ्यायला निघतो. त्यावर कृष्ण म्हणतो की आता स्वतःची स्तुती कर, कारण आत्मस्तुती हाच आत्मघात. एकही अश्लील शब्द न वापरता केवळ एका सर्वनामाने वध होतो. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतले अंतर ज्याने अनुभवले आहे त्याला ही तोड लगेच पटते. शिवीचे मर्म घाणेरडेपणात नसून माणसाला त्याच्या जागेवरून खाली ओढण्यात आहे, ही गोष्ट या प्रसंगाइतकी स्पष्ट क्वचितच कुठे मांडली गेली असेल.

ज्यू परंपरेतही हाच धागा आहे. तालमुदाच्या बाबा मेत्सिया या भागात म्हटले आहे की जो दुसऱ्याला लोकांसमोर लाजवतो त्याने जणू रक्तच सांडले. कारण लाजलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरची लाली जाते आणि तो पांढरा पडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात भावाला ‘राका’, म्हणजे रिकाम्या डोक्याचा, म्हणणे हत्येच्या आज्ञेच्या शेजारीच बसवले आहे. कुराणाच्या ४९व्या सुऱ्यात एकमेकांना वाईट टोपणनावे ठेवू नका, असे बजावले आहे. कौटिल्य पापपुण्यात न शिरता दर ठरवतो. एखाद्याला ‘काणा’ किंवा ‘लंगडा’ म्हटले आणि ते खरे असेल तर दंड तीन पण, खोटे असेल तर सहा; पण त्याच काण्याला ‘काय सुंदर डोळे!’ म्हटले तर बारा पण. उपरोध शिवीपेक्षा महाग का, हे अर्थशास्त्र फोड करून सांगत नाही. पण तो ज्याला ऐकावा लागतो त्याला कारण विचारावे लागत नाही. त्याच दंडव्यवस्थेत वर्ण बदलला की रक्कमही बदलते, ही तिची काळी बाजू.

शब्द तोच राहून त्याचे मोल उलटे होते, हेही धर्माच्याच आवारात सर्वाधिक घडते. अशोकाने शिलालेखांत स्वतःला ‘देवानांप्रिय’ म्हटले. पुढच्या संस्कृत व्याकरणपरंपरेने त्याच समासाचा अर्थ ‘मूर्ख’ असा नोंदवला. त्याच लेखांत ‘पासंड’ हा शब्द सर्व पंथांसाठी आदराने येतो; त्याचा ‘पाखंडी’ झाला. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात फ्रेंच भाषकांच्या सर्वांत कडक शिव्या चर्चच्या वेदीवरून उचललेल्या आहेत: ‘ताबारनाक’ म्हणजे पवित्र भाकरी ठेवण्याची पेटी, ‘कालिस’ म्हणजे द्राक्षरसाचा पेला, ‘ओस्ती’ म्हणजे ती भाकरी. १९६०च्या दशकात लोकांच्या जगण्यावरची चर्चची पकड सुटली, पण शिव्या राहिल्या. मराठीत वारकऱ्यांनी शतकानुशतके मिरवलेला ‘भक्त’ हा शब्द गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांवर हिणवण्यासाठी वापरला जातो आणि समोरून ‘पुरोगामी’चे ‘फुरोगामी’ होते. दोन्ही बाजूंनी एक एक चांगला शब्द गमावला आहे.

समाजाने शिवीला कधी कधी स्वतःहून जागाही करून दिली. शिमग्याला बोंब मारण्याची मुभा असते. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातल्या सुखेड आणि बोरी या गावांत नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ‘बोरीचा बार’ भरतो. दोन्ही गावांच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करत, पलीकडच्यांना मनसोक्त शिव्या घालतात. बघायला माणसे लोटतात, पोलिसांचा बंदोबस्त असतो. केरळात कोडुंगल्लूरच्या भरणी उत्सवात भक्त देवीपुढेच अश्लील गाणी म्हणतात. प्राचीन ग्रीसमध्ये एल्युसिसच्या यात्रेतही पुलावरून यात्रेकरूंची टिंगल होई. या सगळ्यांत शब्द खरे असतात, पण तिथी ठरलेली असते, जागा ठरलेली असते, आणि दोन्ही काठांना देणेही असते आणि घेणेही. बोरीच्या ओढ्यावर चारचौघे आहेत, उलट शेकडो आहेत, तरी अपमान होत नाही. कारण तिथे कुणाला खाली ओढलेले नसते, दोन्ही काठ सारख्याच उंचीचे असतात.

काठ सारखे नसतात तिथे बुद्धाचा दृष्टान्त अपुरा पडतो. जेवण नाकारणारा पाहुणा उठून आपल्या घरी जाऊ शकतो. जातीचे नाव शिवी म्हणून ज्याच्या अंगावर फेकले जाते त्याला ते नाकारून जायला दुसरे घर नसते. त्या शब्दामागे पाणवठा, देऊळ आणि वस्तीची हद्द उभी असते, आणि त्याने तो घेतला नाही तरी भोवतालचे तो त्याच्या नावावर लिहून टाकतात. म्हणून अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंधक) कायदा, १९८९ यात सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. २००८ मध्ये स्वरनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा शब्दाची व्युत्पत्ती पाहून चालणार नाही, तो आज लोकांत कोणत्या अर्थाने वापरला जातो ते पाहावे लागेल. घराच्या फाटकापाशी उच्चारलेला शब्द चारचौघांतलाच, हेही त्याच निकालात ठरले. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने, कुणी बाहेरचे हजर नसताना चार भिंतींच्या आत बोललेल्या शब्दाला हे कलम लागत नाही असे म्हटले. कायद्याने शिवीची जागा शब्दात न शोधता साक्षीदारांत शोधली आहे.

उलट, ज्यांना शिवी दिली गेली त्यांनीच ती उचलून हातात घेतली, असेही घडते. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने १९७२ साली कामाठीपुऱ्याची बोली शिव्यांसकट मराठी कवितेत आणली. आणि ‘हरिजन’ हे गौरवासाठी दिलेले नाव डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी नाकारले. इथे बुद्धाचा न्याय तंतोतंत लागू पडला: दिलेली स्तुतीही घेतली नाही तर आपली होत नाही.

ऑनलाइन जगात चारचौघांची संख्याच अमर्याद झाली. चिनी नेटकऱ्यांनी २००९च्या सुमारास आईवरून दिल्या जाणाऱ्या शिवीच्या उच्चाराशी जुळणारा ‘गवत-चिखल-घोडा’ नावाचा प्राणी कल्पून शब्दांवरच्या पहाऱ्याला चकवले. शब्द गेला, शिवी राहिली. गेमिंगच्या जगातून आलेले ‘नूब’ हे निदान कसबावर बोट ठेवते, विनयपिटकाच्या पाचव्या कप्प्यात बसते. ‘एनपीसी’ मात्र कुठल्याच कप्प्यात बसत नाही. खेळात ज्या पात्राला कुणी खेळाडू चालवत नाही, ठरवून दिलेली वाक्येच ते बोलते, त्याचे हे नाव. २०१८पासून ते वेगळे मत असणाऱ्याला लावले जाऊ लागले. जात, रूप, चारित्र्य यांवर जुन्या शिव्या तुटून पडत. पण समोर माणूस आहे हे त्या धरून चालत. ‘एनपीसी’ म्हणजे तुला आतून काही जाणवतच नाही. नंदिविशालाला लबाड म्हणणाऱ्यानेही बैलाला इतके निर्जीव मानले नव्हते.

बोरीचा बार संध्याकाळपर्यंत संपतो. स्क्रीनशॉटला संध्याकाळ नसते. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका अर्जावर निर्णय देताना हाच मुद्दा धरला. इंटरनेटवर टाकलेल्या चित्रफितीतली जातिवाचक शिवीगाळ ही चारचौघांतलीच, आणि पीडित व्यक्ती त्या क्षणी तिथे नव्हती हा बचाव चालणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. कुणीही ती चित्रफीत उघडली की त्या प्रत्येक वेळी पीडित व्यक्ती तिथे हजर आहे असेच धरावे लागेल.