सुचण्याची वाट आणि घासायची भांडी

मी सावेडीत घरूनच काम करतो. रोज सकाळी ऑनलाइन मीटिंगमध्ये पहिला प्रश्न ठरलेला: काल काय केलं? तिथे ‘विचार केला’ हे उत्तर चालत नाही. दिसेल असं काहीतरी दाखवावं लागतं.

वासुदेव गायतोंडे यांनी या प्रश्नाला काय उत्तर दिलं असतं? १९२४ साली नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले हे चित्रकार पुढे दिल्लीत निजामुद्दीनच्या एका छोट्या बरसातीत राहिले. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं. बाकीचा वेळ बघण्यात, संगीत ऐकण्यात, गप्प बसण्यात. मग रोलरनं रंग चढवायचा, पॅलेट नाइफनं खरवडायचा. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं.

म्हणजे गप्प बसणं हेही कामच. पण आळशी माणूसही गप्पच बसतो. मग फरक कसा ओळखायचा?

मला वाटतं, त्या वेळेची किंमत कोण मोजतंय, ते बघावं. गायतोंडे यांनी गरजा कमी ठेवल्या, संसार मांडला नाही. आपल्या घरात मात्र कुणीतरी भाकऱ्या थापतं, भांडी घासतं, म्हणून आपल्याला सुचण्याची वाट बघत बसता येतं. ते बिल आपण सहज दुसऱ्याच्या नावावर फाडतो.

वाट जरूर बघावी. पण निम्मी भांडी आपण घासावीत. आणि भांडी घासताना काही सुचत नाही, असं कुणी सांगितलं?