ऋतुफळ आणि ऋण

वैशाख-ज्येष्ठात कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील डोंगरउतारांवर करवंद, जांभूळ, आळू, फणस आणि रायवळ आंबा एकापाठोपाठ तयार होतात, आणि जे ज्या ऋतूत पिकते ते त्याच ऋतूत खावे, असे घरोघरी सांगितले जाते. हा नियम आरोग्याचा की धर्माचा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी माणूस सृष्टीत स्वतःचे स्थान कोणते मानतो, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

ऋतुमानाप्रमाणे आहारविहार बदलण्याच्या शिस्तीला आयुर्वेदात ऋतुचर्या म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील तिसऱ्या अध्यायात तिचे विवेचन आहे. शिशिर, वसंत आणि ग्रीष्म हा आदानकाल, म्हणजे सूर्य सृष्टीतील स्निग्धता आणि प्राण्यांचे बळ शोषून घेतो तो काळ होय. त्याच्या अखेरीस देह क्षीण झालेला असल्यामुळे ग्रीष्मात मधुर, शीत, द्रव आणि स्निग्ध अन्न घ्यावे आणि खारट, तिखट व आंबट टाळावे, असे हे ग्रंथ सांगतात. परंतु त्याच ग्रीष्मात झाडावर येणारी कैरी आंबट असते, करवंद पुरते पिकेपर्यंत आंबटच असते आणि फणस पचायला जड असतो. त्यामुळे निसर्ग त्या त्या ऋतूत शरीराला हवे तेवढेच देतो, हे लोकप्रिय विधान शास्त्राच्या कसोटीला पुरते उतरत नाही. शास्त्र निवड करायला, मात्रा राखायला आणि संस्कार करायला सांगते. पाकक्रियेने द्रव्याच्या गुणांत घडवून आणलेला बदल म्हणजे संस्कार, आणि उकडलेल्या कैरीत गूळ घालून केलेले पन्हे हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

शेवळाच्या भाजीत हा विचार अधिक स्पष्ट होतो. उन्हाळा सरता सरता, पानाच्याही आधी, जमिनीतील कंदातून शेवळाचा फुलोरा वर येतो, आणि त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असल्यामुळे तो नीट न शिजवता खाल्ला तर घसा खाजतो. म्हणून वरची आवरणे सोलून, आतला पिवळा भाग काढून टाकून शेवळे बारीक चिरतात आणि त्याच सुमारास रानात मिळणाऱ्या काकडाच्या आंबट फळांचा रस घालून शिजवतात. बाजारातही शेवळाच्या जुडीबरोबर काकडे विकायला असतात. ऋतूने केवळ वस्तू पुढे केली. ती अन्न ठरली ती पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या ज्ञानामुळे.

मग ही फळे नेमकी ग्रीष्मातच का पिकतात? आंबा, फणस आणि जांभूळ यांच्या बिया वाळल्या की लवकर निर्जीव होतात, आणि पावसाच्या तोंडावर फळ गळून पडले तरच त्यांना ओल्या मातीत रुजण्याची संधी मिळते. झाडाचे फळणे पावसासाठी आणि पुढच्या झाडासाठी असते. गर हे बी दूरवर नेणाऱ्या पाखरांचे आणि जनावरांचे वेतन असते. या पंगतीत माणूस यजमान नसून पाहुणा आहे, आणि म्हणूनच ऋतुफळाच्या नियमाचे मूळ आरोग्यापेक्षा ऋणाच्या कल्पनेत शोधावे लागते.

वैदिक परंपरेत नवे धान्य खाण्यापूर्वी त्याचा भाग देवतांना देण्याचा आग्रयण नावाचा विधी सांगितला आहे. महाराष्ट्रात अनेक घरांत अक्षय्य तृतीयेला पितरांना आंबा अर्पण केल्याशिवाय वडीलधारी माणसे आंबा चाखत नाहीत. चैत्रगौरीपुढे कैरीची डाळ आणि पन्हे ठेवतात, तर वटपौर्णिमेच्या वाणात आंबा, फणस, करवंद आणि जांभूळ असतात. कोकणपट्टीतील आदिवासी समाजांतही नवे खाण्याआधी ते देवाला दाखवण्याची रीत आहे. या सर्व आचारांत हाती आलेली वस्तू तोंडात घालण्यापूर्वी माणूस क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यातून ती वस्तू मुळात आपली नव्हती, हे कबूल करतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात देवांनी दिलेले त्यांना न देता भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे, ते याच अर्थाने.

केवळ नैवेद्य दाखवल्याने हे ऋण फिटते का, असा आक्षेप येथे घेता येईल, आणि तो रास्त आहे. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत देव आणि पितर यांच्याबरोबर भूतयज्ञ आणि मनुष्ययज्ञ, म्हणजे प्राणिमात्रांचा आणि माणसांचा वाटाही सांगितला आहे. कर्जत, नेरळ आणि खोपोलीच्या बाजारांत पानांच्या द्रोणांतून करवंदे-जांभळे विकणाऱ्या ठाकूर आणि कातकरी बायांनी ती काट्यांच्या जाळ्यांत हात घालून, भर उन्हात वेचलेली असतात. त्यांच्याशी भावासाठी घासाघीस करून आणलेले फळ देवापुढे ठेवले, तर अर्पणाचा अर्थच उरत नाही. वन हक्क अधिनियम 2006 ने वनवासी समाजांचा गौण वनोपजावरील, म्हणजे लाकडाखेरीजच्या वनस्पतिजन्य रानउत्पन्नावरील, हक्क मान्य केला. परंतु फार्महाऊस आणि बंगल्यांच्या योजनांसाठी डोंगरउतार साफ झाले आणि करवंदीची जाळीच उरली नाही, तर तो हक्क कागदावरच राहील. फळाचा स्वाद घेणाऱ्यावर झाड, पाखरू आणि वेचणारे हात या तिघांचे देणे आहे. ते मान्य करून, वेचणाऱ्याला योग्य मोल देऊन आणि रानात पुरेसे शिल्लक ठेवून खाल्लेले फळच खऱ्या अर्थाने ऋतूचा प्रसाद ठरते.