उज्जयिनीचा जुगारी



भ्रमणध्वनीवर पोकर कसा आरंभावा, असे एका तरुणाने देवळात आम्हांस विचारले. म्हणे, मित्रास शिकावयाचे आहे! शिकणे सोपे: दोन पत्ते आपले, पाच सर्वांचे. कोणीही जिंको, चालक आपला वाटा काढतोच.

आम्ही त्यास आपल्याच उज्जयिनीची कथा सांगितली. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात दहा सुवर्ण हरलेला संवाहक ओस देवळात शिरून मूर्ती बनतो. (आम्ही पुजाऱ्याचे पुत्र; हे आम्हांस फार बोचते.) परंतु समोर द्यूत मांडताच ती मूर्तीच डावात उतरते! पुढे वसंतसेनेच्या कंकणाने ऋण फिटले.

संसदेने २०२५ साली पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संमत केला. त्यात शिक्षा चालकांस आहे, खेळणाऱ्यास नाही. हे ऐकून तरुण हळूच म्हणाला, "दादा, मित्र नाही, मीच. दिवाळीपासून हरतो आहे."

मग आम्ही दोघे ऋणाचा हिशेब मांडीत बसलो.