कडी नसलेली खोली

आपल्याकडच्या सरकारी इस्पितळात नाती फार. परिचारिका म्हणजे सिस्टर, वॉर्डबॉय म्हणजे मामा, आया म्हणजे मावशी. मी सव्वीस वर्षे सिस्टर होते. माझे नाव विचारणारे रुग्ण मोजकेच भेटले, आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. रात्री तीन वाजता कळवळणाऱ्या माणसाला नाव सुचत नाही, नाते सुचते. पण निवृत्तीनंतर बडोद्याला मुलीकडे राहू लागले, हातात वेळ आला, आणि या नात्यांविषयी शंका येऊ लागली. बहीण, मावशी घरात असतात. घरातली बाई कुठे झोपते, कुठे कपडे बदलते, तिने किती सोसले, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. इस्पितळात दारे, दिवे, कड्या आणि पाळीवरची माणसे पुरवणे हे ते चालवणाऱ्याचे काम असते. ते काम या गोड शब्दांखाली झाकले जाते की काय?

सेवा करणाऱ्याने किती धोका पत्करावा, हा प्रश्न जुना आहे. सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी गेल्या त्या प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना. त्या धोक्याला दुसरी वाट नव्हती. रुग्णाला कुणीतरी हात लावायलाच हवा होता. आम्हीही क्षयाच्या वॉर्डात उभ्या राहिलो, सुया टोचून घेतल्या, पुढचे काही महिने रक्ततपासणीच्या धास्तीत काढले. तक्रार केली ती हातमोजे मिळाले नाहीत म्हणून. क्षय आहे म्हणून कुणी केली नाही. रोगातून येणारा धोका या कामाचाच भाग आहे. व्हरांड्यातला बल्ब महिनाभर लागत नाही, त्यातून येणारा धोका मात्र कामाचा भाग नाही, काटकसरीचा आहे. अडचण अशी की, सोसणारीला दोन्ही सारखेच सोसावे लागतात आणि दोन्हींसाठी शब्द एकच वापरला जातो: सेवाभाव.

संरक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चिडलेला नातेवाईक येतो. ते खोटे नाही. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टरला जमावाने इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले, आणि सरकारने रुग्णालयांत 1,100 सुरक्षारक्षक नेमण्याचे उच्च न्यायालयात मान्य केले. कायदा तर 2010 पासूनच होता: हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि तोडलेल्या यंत्राच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. यंत्राचे बरे असते, त्याचे बिल जपून ठेवलेले असते.

पण ज्या घटनांनी देश हादरला, त्या आठवून पाहा. 1973, मुंबई: हल्ला करणारा त्याच इस्पितळातला सफाई कामगार. मे 2023, केरळातील कोट्टारक्करा: तरुण डॉक्टरला भोसकणारा माणूस पोलिसांनीच उपचारासाठी आणलेला. ऑगस्ट 2024, कोलकात्याचे आर. जी. कर: गुन्हेगार ठरलेला माणूस पोलिसांचा नागरी स्वयंसेवक. फाटकावरच्या रक्षकाने या तिघांपैकी कुणालाच अडवले नसते. तिघांनाही आत यायची मुभा होती.

अरुणा शानबाग यांच्याविषयी जे लिहिले गेले, त्यातले बरेच दयामरणाविषयी आहे. 27 नोव्हेंबर 1973 ला पाळी संपवून त्या केईएमच्या तळघरात कपडे बदलायला गेल्या. तिथे कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला गेला. पुढची 42 वर्षे, 18 मे 2015 पर्यंत, त्या त्याच इस्पितळात अंथरुणावर होत्या. हल्लेखोराला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांसाठी, सात वर्षे. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने केईएमच्या परिचारिकांच्या शुश्रूषेचे तोंडभरून कौतुक केले, आणि ते योग्यच होते. पालिकेने मधल्या काळात त्यांना दुसरीकडे हलवायचे ठरवले, तेव्हा परिचारिका आडव्या उभ्या राहिल्या होत्या. पण हल्ल्यानंतर लगेच मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला होता, कामाची परिस्थिती सुधारा म्हणून. हे किती जणांच्या लक्षात आहे? सेवा लक्षात राहिली, मागणी राहिली नाही. एक बाई कपडे बदलायला तळघरात का जात होती, हा प्रश्न मरणाच्या हक्कापेक्षा लहान वाटला असावा. मला तो तितकाच मोठा वाटतो.

त्यानंतर एक्कावन्न वर्षांनी कोलकात्याची डॉक्टर छत्तीस तासांच्या ड्युटीत सेमिनार रूममध्ये जरा पडली होती. सर्वोच्च न्यायालयाला आपल्या आदेशात रात्रपाळीच्या माणसांसाठी विश्रांतीच्या खोल्या नाहीत, हे नमूद करावे लागले. खोल्या! त्याच सुमारास पश्चिम बंगाल सरकारने शक्य तिथे स्त्रियांना रात्रपाळी देऊ नये असे सुचवले, आणि न्यायालयाने त्यावर कान उपटले. धोका तसाच ठेवायचा आणि बाईला तिथून हलवायचे, यालाही आपल्याकडे काळजीच म्हणतात.

नातेवाइकांविषयी मला राग नाही, असे मी म्हणणार नाही. एका रात्री एका मुलाने आमच्या मामांच्या पाठीत स्टूल घातले. त्याचा बाप अत्यवस्थ होता आणि दुपारपासून त्याच्याशी धड कुणी बोलले नव्हते. साठ खाटांच्या वॉर्डात फरशीवरचे वीस रुग्ण, आम्ही दोघी सिस्टर आणि एक मामा, बोलणार कोण? तासाभराने त्याच बापाचे सलाईन मी बदलले. त्याला मी क्षमा वगैरे केली नव्हती. सलाईन संपत आले होते, एवढेच. मुलगा कोपऱ्यात बसून रडत होता. त्याला खरे तर दोन मिनिटे बसून सांगणारे माणूस हवे होते, आणि ती जागा भरलीच गेलेली नव्हती. मामांच्या पाठीचा आणि त्या मुलाच्या भीतीचा उगम एकाच रिकाम्या पदात होता. म्हणून त्याचा गुन्हा नाहीसा होत नाही. मामांनी तक्रार केली नाही, हे मात्र मला अजून खटकते. “जाऊ द्या सिस्टर, बाप मरतोय त्याचा,” म्हणाले. हा त्यांचा मोठेपणा. पण इस्पितळ या मोठेपणावर चालवायचे ठरले, तर दुसरे काही दुरुस्त करायची गरजच उरत नाही.

संप केला की “रुग्णांना वेठीस धरता” हा आरोप येतो, आणि तो पोकळ नसतो. पैसे असणारा खासगीत जातो, उरतो तो गरीब. मी दोनदा संपावर गेले आणि दोन्ही वेळा अतिदक्षता विभागातल्या मैत्रिणी आत राहिल्या. तसेच ठरले होते. पण मला विचारावेसे वाटते: एरवी, संप नसताना, ही माणसे कुणाच्या हवाली असतात? दोन दिवस न झोपलेल्या डॉक्टरच्या, आणि साठांमागे दोन सिस्टरांच्या. त्याला वेठीस धरणे म्हणत नाहीत, कारण ते धरणारा हात दिसत नाही.

आमच्या वॉर्डाच्या चेंजिंग रूमला आतून कडी नव्हती. एक जण आत गेली की दुसरी बाहेर दाराला पाठ लावून उभी राहायची. ओव्हर देतानाच ठरायचे, कोण आधी. मेट्रनबाईंच्या सहीने बांधकाम खात्याला तीन अर्ज गेले. चौथ्यांदा आमच्यातल्याच एकीने येताना बाजारातून पितळी कडी आणली, मामांनी स्क्रू मारून दिले. पुढच्या तपासणीत लेखी विचारणा आली: ही कडी कोणाच्या परवानगीने बसवली?