पाठीमागचा उद्या

माणसाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला आहेत, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. डोळे जिकडे, पाय तिकडे. पाठीला मात्र डोळा नाही. या साध्या शरीररचनेवरूनच आपण काळाचेही चित्र काढले आहे. सरलेले वर्ष ‘मागचे’, येणारे वर्ष ‘पुढचे’. गोष्ट ऐकणारे पोर ‘पुढे काय झाले?’ म्हणून विचारते आणि निवृत्त झालेले गृहस्थ ‘मागे आमच्या वेळी’ म्हणून सुरुवात करतात. हे बोलणे इतके अंगवळणी पडले आहे, की ते एक चित्र आहे याचाच आपल्याला विसर पडतो. वास्तविक काळाला तोंडही नाही आणि पाठही नाही. तोंड-पाठ आहे ती आपल्याला, आणि तीच आपण काळाला बहाल केली आहे.

आता असा एक समाज कल्पा, की ज्याने हेच चित्र उलटे टांगले आहे. त्याच्या लेखी काल समोर आहे आणि उद्या पाठीमागे. कल्पा असे म्हटले खरे. पण तशी गरज नाही, कारण असा समाज खरोखरच आहे. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या पठारावर, टिटिकाका सरोवराच्या आसपास आयमारा नावाचे लोक राहतात. सरोवराची उंची सुमारे ३,८०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. बोलिव्हिया, पेरू आणि उत्तर चिली या तीन देशांत मिळून त्यांची भाषा बोलणारे वीस लाखांच्या आसपास आहेत. त्या भाषेत ‘नायरा’ म्हणजे डोळा. ‘नायरा’ म्हणजे समोरचे. आणि ‘नायरा’ म्हणजेच पूर्वीचे. ‘मारा’ म्हणजे वर्ष. तेव्हा ‘नायरा मारा’ हे शब्दशः झाले डोळ्यांसमोरचे वर्ष. पण त्याचा अर्थ गेले वर्ष. उलट ‘खिपा’ म्हणजे पाठीमागचे, आणि ‘उरु’ म्हणजे दिवस. हे दोन शब्द जोडले की जो पाठीमागचा दिवस होतो, तो पुढे कधीतरी उगवायचा असतो.

या भाषेची नोंद बरीच जुनी आहे. लुदोविको बेर्तोनियो नावाच्या जेझुइट पाद्र्याने टिटिकाकाकाठच्या हुली गावी राहून रचलेला आयमारा शब्दकोश १६१२ साली छापला गेला. पुढे १९८१ साली अँड्र्यू मिरॅकल आणि स्वतः आयमारा असलेले भाषाभ्यासक हुआन दे दियोस यापिता यांनी या लोकांच्या स्थळकाळाच्या कल्पनेवर लेख लिहिला. तरीही एक शंका उरतेच. शब्द म्हणजे जुनी नाणी. ती चालवणारा माणूस त्यांवरचा छाप पाहतो कशाला? ‘सूर्य उगवला’ असे आपण रोज म्हणतो, म्हणून सूर्यच पृथ्वीभोवती फिरतो असे थोडेच मानतो! मग आयमारा माणसाच्या मनातही काळ खरोखरच तसा उभा आहे, की ते केवळ शब्दांचे वळण आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना राफाएल नुन्येस आणि ईव्ह स्वीट्सर या दोन संशोधकांनी शब्दांबरोबर हातांकडेही पाहिले. उत्तर चिलीतील सुमारे तीस आयमारा माणसांशी त्यांनी गप्पा मारल्या, त्यांचे चित्रीकरण केले आणि २००६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वडीलधारी माणसे जुन्या काळाविषयी बोलू लागली की त्यांचे हात समोर जात. नुकतीच घडलेली गोष्ट असेल तर हात अंगालगत राही, आणि फार जुन्या काळाची असेल तर तो लांबवर पसरे. येणाऱ्या दिवसांची गोष्ट निघाली की मात्र अंगठा किंवा हात खांद्यावरून पाठीमागे जाई. म्हणून आयमारा माणूस उलट्या पावलांनी जन्मभर चालतो असे मात्र नव्हे. या चित्रात तो चालतच नाही. जागच्या जागी उभा राहून आजवर जे घडले ते पाहतो. स्पॅनिश भाषेत रुळलेल्या तरुणांचे हात मात्र तुमच्या-आमच्यासारखेच, उद्यासाठी समोर जात. एका पिढीच्या अंतराने घरातल्या घरात उद्याने बाजू बदलली होती. भाषा मरते ती कोशातून शब्द पुसले जातात तेव्हाच असे नाही. तिचे मरण आधी असे हातांतही दिसू लागते.

पण काल समोर का? याचे उत्तर त्या ‘नायरा’ शब्दातच आहे. डोळ्याला जे दिसले ते समोर. काल दिसून गेला, म्हणून तो समोर आहे. उद्या कोणी पाहिलेला नाही, म्हणून तो जिथे डोळे नाहीत तिथे, पाठीमागे. हा तर्क ऐकल्यावर आपलेच चित्र थोडे विचित्र वाटू लागते. जे मुळीच दिसत नाही ते आपण डोळ्यांसमोर ठेवले, आणि जे स्पष्ट पाहिले त्याच्याकडे पाठ फिरवली!

आयमारा भाषा या पाहण्याला फार मान देते. एखादी घटना सांगताना, ती मी स्वतः पाहिली की दुसऱ्याकडून ऐकली, हे तिच्यात क्रियापदाच्या रूपावरूनच कळते. ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिल्याच्या थाटात सांगणे ही तिथे नुसती व्याकरणाची चूक ठरत नाही, सांगणाऱ्याची पतही त्याने जाते. हे सारे आपल्याला अगदी परके आहे असे मात्र समजू नये. ज्यांनी शाळेत संस्कृताचे लकार घोकले असतील त्यांना ‘लिट्’ आठवेल. बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकालीन घटनेसाठी पाणिनीने तो सांगितला आहे. डोळ्यांपुढचे ते प्रत्यक्ष, डोळ्यांपलीकडचे ते परोक्ष. आणि संस्कृत दूरचे वाटत असेल, तर आपल्या माजघरात नांदणारा ‘म्हणे’ आहेच. ‘त्यांनी नवे घर घेतले’ आणि ‘त्यांनी नवे घर घेतले म्हणे’ या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, हे कोणत्याही मराठी गृहिणीला विचारावे. फरक एवढाच की आपला ‘म्हणे’ ऐच्छिक आहे. सोयीचे असेल तेव्हा आपण तो लावतो आणि गैरसोयीचा झाला की गाळतो.

काळाचे उलटे चित्रही आपल्या भाषेच्या तळाशी सापडते. ‘पूर्व’ म्हणजे समोरची दिशा, उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर दिसणारी. म्हणून तर उजव्या हाताची ती दक्षिण आणि पाठीकडची ती पश्चिम. पण ‘पूर्वी’ म्हणजे आधी आणि ‘पश्चात्’ म्हणजे नंतर. आधीचे समोर, नंतरचे पाठीमागे! थोरला भाऊ तो अग्रज. धाकट्याला तर मराठीत आपण सरळ ‘पाठचा भाऊ’च म्हणतो. वर्तमानपत्रातील निधनवार्ता ‘त्यांच्या मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असा परिवार आहे’ या वाक्याने संपते. गेलेला माणूस पुढे गेला, जगणारे मागे राहिले. परवाची गोष्ट तर आणखी मजेची. एकच ‘परवा’ कालच्या पलीकडेही बसतो आणि उद्याच्या पलीकडेही. तो कुठला, हे क्रियापद आल्याशिवाय कळत नाही. तेव्हा दोन्ही चित्रे आपल्याजवळ होतीच. त्यांतले एक आपण दिवाणखान्यात लावले आणि दुसरे माळ्यावर टाकले.

मात्र उद्याला पाठीमागे ठेवणाऱ्या माणसांना उद्याची फिकीरच नसावी, असे एखादा घाईने म्हणेल. त्याने अँडीजमधील बटाट्याच्या शेतकऱ्यांकडे पाहावे. पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगरांत हे शेतकरी जूनच्या चोविसाव्या तारखेच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास पहाटेपूर्वी उठून कृत्तिकांचा पुंजका न्याहाळतात. ज्या कृत्तिकांवरून आपल्या कार्तिकाला नाव मिळाले, त्याच या कृत्तिका. तारे लख्ख दिसले तर पाऊस वेळेवर येणार. अंधुक दिसले तर तो लांबणार, आणि मग बटाट्याची लावणी काही आठवडे पुढे ढकलायची. ही भोळी समजूत असेल असे वाटेल. पण ऑरलोव्ह, चियांग आणि केन या तीन शास्त्रज्ञांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की तिच्यात तथ्य आहे. एल निन्योच्या वर्षी जूनमध्ये फार उंचावर विरळ ढगांचा पडदा असतो. तो एरवी डोळ्यांना जाणवत नाही, पण त्यातून कृत्तिका फिक्या दिसतात. आणि अशाच वर्षी पुढचा पाऊसही कमी होतो. या शेतकऱ्याने भविष्य पाहिले नाही. त्याने आभाळ पाहिले, वाडवडिलांनी पाहिलेले आठवले आणि जे दिसत नव्हते त्याच्यासाठी बियाणे राखून ठेवले. याला बेफिकिरी म्हणायचे, की शहाणपण?

खरा नैतिक प्रश्न आहे तो इथेच. ‘उद्या’ समोर ठेवला की तो दिसतो असा भास होतो, आणि भास झाला की माणूस त्याच्या नावाने हुकूम सोडू लागतो. उद्याच्या समृद्धीसाठी आज तुम्ही जमीन सोडा, उद्याच्या यशासाठी पोरा आज तू खेळणे सोड. त्यागाची प्रत्येक मागणी खोटी असते असे नव्हे. पुष्कळदा ती रास्तही असते. पण मागणाऱ्याने उद्या पाहिलेला नसतो, आणि तो बोलतो मात्र पाहिल्यासारखा. आयमारा माणसासारखे ‘हे मी पाहिलेले नाही’ एवढे जरी त्याने आधी म्हटले, तरी त्याचा आवाज एक पट्टी खाली येईल आणि ज्याच्याकडून त्याग मागितला त्याचे ऐकून घ्यायला त्याला वेळ सापडेल.

दुसरी बाजू भूतकाळाची. ‘झाले गेले गंगेला मिळाले, आता पुढे पाहा’ असे आपण किती सहज म्हणतो! भांडण मिटवायला हे शब्द फार चांगले. पण ते बहुधा कोणाच्या तोंडून निघतात, हे एकदा तपासून पाहावे. जमीन ज्याची गेली तो हे म्हणत नाही, जमीन ज्याने घेतली तो म्हणतो. पाठीमागे टाकलेली गोष्ट दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचा जाब कोणी विचारत नाही. आयमारा लोकांचा भूतकाळ काही सुखाचा नाही. स्पॅनिश राजवटीत पोतोसीच्या चांदीच्या खाणींवर त्यांच्या गावोगावच्या पुरुषांना सक्तीने राबवले गेले. १७८१ साली तुपाक कतारीने बंड करून ला पाझ शहराला कित्येक महिने वेढा घातला, आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी, २०१३ साली, बोलिव्हियाने आपला पहिला दळणवळण उपग्रह आकाशात सोडला, त्याला नाव दिले तुपाक कतारीचे. एवढा जुना माणूस त्यांच्या डोळ्यांसमोरून हललेला नाही.

अर्थात समोरच्या जखमेकडे टक लावून बसण्यातही धोका आहे. जो केवळ पाहतच राहील त्याचे पीक कोण काढील? वैर जपायलाही समोर ठेवलेला भूतकाळ फार उपयोगी पडतो, हे जगातल्या प्रत्येक भावकीला ठाऊक आहे. पण विसरून जाणे आणि क्षमा करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. क्षमा करायची तर अपराध आधी दिसावा लागतो. पाठ फिरवून क्षमा करता येत नाही.

दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, पुष्कळदा आपल्या दिवाळीच्याच आगेमागे, बोलिव्हियातली घरे आपल्या मृतांची वाट पाहतात. एक तारखेच्या दुपारी ते येतात आणि दोन तारखेच्या दुपारी परत जातात, अशी श्रद्धा. मेजावर गेलेल्याच्या आवडीचे पदार्थ, फळे, उसाची कांडे आणि ‘तांतावावा’, म्हणजे तान्ह्या बाळाच्या आकाराचे पाव मांडतात. चढ-उतार करायला पावाचीच शिडीही असते. आपणही धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे ज्योत करून यमासाठी दिवा ठेवतो; तेव्हा ज्यांच्याकडे एरवी पाठ असते त्यांच्याकडे घटकाभर आपले तोंड वळते.

त्याच पठारावरच्या बाजारात आणखी एक दृश्य रोज दिसते. रंगीत पट्ट्यांच्या ‘अवायू’ नावाच्या जाड वस्त्रात तान्हे मूल पाठीशी बांधून बाया चालतात, बसतात, भाजी विकतात. मूल आईला दिसत नाही, पण त्याचे वजन तिला क्षणोक्षणी कळते. ते जागे झाले, निजले, त्याने पाय झाडला, हे सारे तिची पाठ ओळखते आणि त्याप्रमाणे तिची चाल बदलते. आयमारा लोक या दृश्याचा असा अर्थ लावतात असे नव्हे. हा अर्थ माझा. पण उद्याशी आपले नाते असे असावे, असे मला वाटते. तो दिसतो असा आव नको, आणि दिसत नाही म्हणून त्याचा भार विसरणेही नको.

दिवाळी अंक म्हटला की राशिभविष्य आलेच, आणि घरात अंक आल्यावर पहिली ओढाताण त्याच पानांसाठी होते. ती खुशाल व्हावी. यंदा फक्त एवढे करून पाहावे, की ते मोठ्याने वाचताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक ‘म्हणे’ जोडावा. ‘मार्चनंतर धनलाभ होईल म्हणे.’ ‘प्रवासाचे योग आहेत म्हणे.’ फराळाबरोबर हा खेळ चांगला रंगेल. आणि तो संपला, की घरातल्या सर्वांत वडील माणसाशेजारी बसून विचारावे, तुम्ही स्वतः काय काय पाहिलेत? त्या उत्तरात एकही ‘म्हणे’ नसेल. ते सांगू लागतील तेव्हा त्यांचा हात कोणत्या बाजूला जातो, तेही जाता जाता पाहून ठेवावे.