वेतन आणि ऋण

मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मास येतो असे आपले शास्त्रकार सांगतात: देवांचे, ऋषींचे व पितरांचे. परंतु जन्मताच तो जिच्या हाती येतो, तिच्या ऋणाची या यादीत नोंद नाही.

तिची आठवण समाजास नव्हती असे मात्र नव्हे. अलिबाग-मुरुडच्या या किनाऱ्यावर, खाड्यांवर पूल झाले नव्हते तेव्हा, पावसाळी रात्री घराचा सारा भरवसा गावच्या सुईणीवर असे. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली म्हणजे तिला लुगडे, खण, नारळ, शिधा मिळे. तथापि पुष्कळ घरांत तिला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडता येत नसे. ज्या हाताने जीव वाचविला, तोच हात विटाळाचा ठरे! पुढे 1909 साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचे कार्य आरंभिले व तेथे परिचारिका शिकून तयार होऊ लागल्या, तेव्हाही कुलीन स्त्रियांनी परक्या रुग्णांची शुश्रूषा करावी ही कल्पना अनेकांस रुचली नाही.

आता सोवळे गेले. त्याच्या जागी हिशेब आला. ‘त्यांना पगार मिळतो, त्यांनी कर्तव्य केले, मग उपकार कसला?’ असे सुशिक्षित गृहस्थ सहज विचारतो. हा प्रश्न नवा नाही. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने उपकारांवरील आपल्या ग्रंथात वैद्याचे उदाहरण घेऊन त्याचा विचार केला आहे. त्याच्या मते आपण वैद्यास मूल्य देतो ते त्याच्या श्रमांचे. त्याने आपल्यासाठी जी आस्था बाळगली, तिचे ऋण मात्र शिल्लकच राहते.

गतवर्षी माझ्या कन्येची प्रसूती अडली, आणि सुटका झाल्यावर रक्तस्राव थांबेना. जगभर माता दगावतात त्या सर्वांत अधिक अशा रक्तस्रावानेच. शस्त्रक्रियेची सिद्धता होईपर्यंत एक परिचारिका गर्भाशय दाबून चोळीत राहिली. दुसरी नाडी मोजीत, मुलीस नावाने हाका मारीत, तिला शुद्धीवर ठेवीत होती. वेतनाने त्यांचे आठ तास विकत घेतले होते हे खरे. पण त्या हाकांतील जिव्हाळा कोणत्या वेतनपत्रकात मांडावा? दुसऱ्या दिवशी आम्ही पेढे घेऊन गेलो, तो त्यांची पाळी बदललेली. कृतज्ञता होती, पण ती स्वीकारणारे कोणी नव्हते.

अशा ऋणाचे करावे काय? उत्तर त्या जुन्या यादीतच आहे. ऋषिऋण फिटते ते अध्ययनाने, पितृऋण संततीने; म्हणजे धनकोच्या हाती काही परत न देता, त्याचे कार्य पुढे चालविण्याने. परिचारिकेचे ऋणही तसेच फेडले पाहिजे. तिला ‘देवी’ म्हणणे सोपे आहे. देवीस झोप लागत नाही, घरभाडे लागत नाही, आणि रात्रपाळीस एकटीवर किती रुग्ण सोपविले हेही तिच्याविषयी कोणी विचारीत नाही. तेव्हा नमस्कार पुरे झाला. हे प्रश्न आपण विचारू लागावे. आणि एक प्रश्न प्रत्येकाने आपल्या घरात स्वतःस विचारावा: आपल्या मुलीने उद्या हाच व्यवसाय पत्करते असे म्हटले, तर आपल्या कपाळी आठी तर पडणार नाही ना? ती पडत असेल तोवर आपण पेढे वाटले, ऋण फेडले नाही.